विषय कुणामुळे घेतला

जेवणं निम्म्यावर आली असताना मुलीनं जाहीर केलं की पुढच्या वर्षी ती मानसशास्त्र घेणार आहे. टेबलाभोवतीचे तीन घास जागच्या जागी थांबले.

"मानसशास्त्रच का?" बाबांनी विचारलं.

"आवड आहे."

हे खोटं होतं. शाळेत मानसशास्त्र घेणाऱ्याला गणित सोडता येत होतं, हे खरं कारण. तिचं आणि गणिताचं लहानपणापासून पटत नव्हतं. गेल्या परीक्षेचा पेपर परत देताना गणिताच्या सरांनी तिच्याकडे, आजारी माणसाला भेटायला गेल्यावर बघतात तसं बघितलं होतं. गणितातून सुटायचं, एवढंच तिचं ध्येय होतं. अडचण अशी की जागा थोड्या होत्या, आणि मानसशास्त्राच्या मॅडम शनिवारी आईवडिलांसमोर प्रत्येकाला कारण विचारणार होत्या. पटलं तर जागा. नाही तर गणित.

घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला दुसरंच काहीतरी ठाऊक होतं.

"माझ्यामुळे ना?" भांडी आवरताना आई हळूच म्हणाली.

"काय तुझ्यामुळे?"

"कुलूप."

बाहेर पडताना आई कुलूप तीनदा ओढून बघायची. मग जिना उतरायची, परत वर यायची आणि कुलपाला बेसावध गाठून चौथ्यांदा ओढायची.

थोड्या वेळानं बाबा आले. त्यांनी दार लोटून घेतलं. "खरं सांग. माझ्या पायामुळे ना?"

बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. शिकाऊ माणसांशेजारी बसून आपल्या बाजूचा ब्रेक दाबण्यात हयात गेल्यामुळे त्यांचा उजवा पाय स्वतंत्र झाला होता. दूध उतू जायला लागलं, कुणी जिना भरभर उतरलं, शेजारच्या काकू बोलायच्या थांबेनात, की पाय जमिनीत ब्रेक दाबायचा. काकू अजून एकदाही थांबल्या नव्हत्या.

शेवटी काका आला. हा बाबांचा धाकटा भाऊ. लोकांचे फ्रिज दुरुस्त करायचा.

"परवा तू ऐकलंस ना?"

"काय?"

"मी फ्रिजला सॉरी म्हणालो ते. अगं, दार जोरात लागलं होतं त्याचं."

मुलगी कुणालाच नाही म्हणाली नाही. नाही म्हटलं तर खरं कारण सांगावं लागलं असतं, आणि ते मॅडमपर्यंत पोचवायला काकू समर्थ होत्या.

दुसऱ्या दिवसापासून घर सुधारलं. आई कुलूप एकदाच ओढायची आणि दिवसभर भाजी घेतानासुद्धा मागं वळून बघायची. बाबा जेवताना उजव्या पायावर डावा पाय ठेवून बसायचे, त्यामुळे ते ताटाशी कुस्ती खेळत असल्यासारखे दिसायचे. काकानं फ्रिजशी बोलणं टाकलं. पाण्याची बाटली घेताना तो नजरेला नजरसुद्धा द्यायचा नाही.

"वहिनी, मी आता अगदी नॉर्मल आहे," तो मधूनमधून म्हणायचा. एकदा फ्रिजकडे पाठ करून म्हणाला.

शनिवारी निघताना आईनं मनाचा हिय्या केला आणि कुलूप अजिबात ओढलं नाही. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. काका आधीच कामाला गेला होता.

शाळेच्या त्या छोट्या खोलीत मॅडमनी चष्मा पुसला आणि विचारलं, "का घ्यायचाय हा विषय?"

"मला माणसांना मदत करायचीये."

"सकाळपासून सगळ्यांना तेच करायचंय. एवढी मदत करायला माणसं कुठून आणू? खरं कारण सांग."

मुलीच्या डोळ्यांपुढे वर्षभराचं गणित उभं राहिलं. तेवढ्यात आईचा फोन वाजला. काकूंचा होता, आणि काकूंच्या आवाजाला स्पीकरची गरज नव्हती.

"अहो, तुमचं दार उघडं आहे. आत कुणीतरी बसलाय फ्रिजसमोर. 'इतके दिवस कसे काढलेस रे' म्हणतोय. मी बाहेरून कडी घातलीये."

"कडी काढा, तो माझा दीर आहे," आई म्हणाली. मग तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "पण दार उघडं कसं? मी कुलूप ओढलं नाही ना. बघा, एकदाच नाही ओढलं."

"अगं, त्याच्याकडे किल्ली आहे," बाबा म्हणाले. तोवर त्यांचा पाय सुटला होता आणि मॅडमच्या टेबलाखाली ब्रेकवर ब्रेक लागत होते.

"मॅडम, पोरीनं हा विषय माझ्यामुळे घेतलाय," आई म्हणाली.

"तुझ्यामुळे कसा? माझ्यामुळे घेतलाय. तिनं स्वतः नाकारलं नाही."

"मलाही नाही नाकारलं. तुमचं नेहमीचंच, सगळं स्वतःकडे ओढायचं."

"ओढायचं कोण बोलतंय बघा, मॅडम."

मॅडम खुर्चीतून अर्ध्या पुढे आल्या होत्या. "दीर फ्रिजशी कधीपासून बोलतात?"

"फ्रिज आणल्यापासून."

"त्याआधी?"

"मिक्सरशी," आई म्हणाली. "पण ते फार टिकलं नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हिची जागा पक्की. मला अशीच मुलगी हवी होती."

मुलीला खिडकीबाहेरचं आकाश एकदम मोठं वाटायला लागलं. मनातल्या मनात तिनं गणिताच्या सरांचा निरोपही घेतला.

"आणि वर्षभराचा प्रकल्प घरीच कर," मॅडम म्हणाल्या. "रोज मोजायचं. कुलूप कितीदा, ब्रेक कितीदा, फ्रिजशी गप्पा किती मिनिटं. मग त्याची सरासरी काढायची, आलेख काढायचे, कशाचा कशाशी संबंध आहे ते सूत्रानं सिद्ध करायचं. बाकीच्यांच्या घरी मोजण्यासारखं काही नसतं गं. तुझ्याकडे तिप्पट आकडे येतील."

"मॅडम, म्हणजे गणित?"

"संख्याशास्त्र. निम्मा विषय तोच तर आहे. आधी सांगितलं की मुलं पळतात, म्हणून मी प्रवेश झाल्यावरच सांगते."

मुलगी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

"डोळ्यांत पाणी आलं बघ पोरीच्या," बाबा हलक्या आवाजात म्हणाले. "किती खूश झालीये."

"मला विचारा ना," आई म्हणाली. "आईला कळतं लेकरांच्या मनातलं."