डोंगरावर जाळी उतरली, त्या मोहिमेची हकीकत

सकलवृक्षकुलभूषण, पानगळीचा खावंद ऐसा जो डोंगर, त्याच्या पायथ्याशी सरकारी घरात राहणाऱ्या वनपाल बाईसाहेबांनी वणवा नामे गनिमाशी जी झुंज दिली, तिची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. पदरचा मीठमसाला घातला असेल, तो चवीपुरता. वाचणाराने हसू आल्यास हसावे, परंतु डोंगर खरा होता आणि आगही खरी होती, इतके ध्यानी ठेवावे.

त्याचे कारण ऐसे की, उन्हाळा तोंडावर आला आणि डोंगरावर वाळक्या पानांचा घोट्याच्या वर थर बसला. ऐशा समयी शिरस्ता हा की, डोंगराच्या कमरेभोवती रुंद पट्टा साफ करून ठेवावा, त्यास जाळरेषा म्हणतात. आणि वरून जाळ उतरला तर तेथे त्यास खावयास काही मिळत नाही, मग तो उपाशी मरतो. हे काम मजुरांचे, आणि मजुरीस निधी लागतो. बाईसाहेबांच्या पदरी फौज म्हणावी तर दोन वनरक्षक, एक थोरला आणि एक धाकटा, आणि जीपचा एक चालक, ज्याची जीप उतारावर तेवढी उत्तम चाले. घर रेषेच्या ऐन खाली. आग ओलांडती तर पहिला घास त्याचाच होता. आणि घरात सासूबाई, ज्यांचा गुडघा जायबंदी परंतु जिव्हा सदैव मोहिमेवर. त्यांनी आधीच जाहीर केले होते की, काही झाले तरी आपण घर सोडणार नाही. बाईसाहेबांस डोंगर गमवायचा नव्हता आणि म्हातारीही गमवायची नव्हती. त्यांचे जेवणावरचे लक्ष उडाले.

मग बाईसाहेबांनी हुजुरांस खलिता लिहिला की, जाळरेषेकरिता निधी सत्वर मिळावा. हुजूर म्हणजे राजधानीचे मोठे कार्यालय. तेथे खलिता या टेबलावरून त्या टेबलावर मजल दरमजल करीत आणि चहाच्या कपाखाली मुक्काम करीत अखेर नियोजनसाहेबांपुढे पेश झाला. साहेब विद्वान, डोंगर त्यांनी कॅलेंडरावर पाहिलेला. त्यांनी ‘जाळ’ वाचले आणि जाळे समजले, आणि रेषा म्हणजे त्याचा दोर असावा ऐसी तजवीज मनाशी केली, आणि हुकूम सोडला की, वनखाते मासेमारीत उतरते ही बहुत स्तुत्य गोष्ट आहे, सबब मागणी पुरी करावी. खालच्या कारकुनास शंका आली होती, परंतु साहेबांची सही पडल्यावर मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी कोणी?

मग एके सकाळी ट्रक येऊन अंगणात जाळी उतरली. शिशाच्या मण्यांची, नवी कोरी, तळे ढवळून काढावे ऐसी. थोरल्या रक्षकाने एका जाळ्याचे टोक उचलून पाहिले.

“मॅडम, वणवा यात धरायचा का?”

बाईसाहेबांनी हुजुरांस फोन लावला. तिकडून फर्मान झाले की, मंजूर वस्तू माघारी घेण्याची तरतूद नाही. आणि मजुरी हवी असल्यास दिल्या जाळ्यांचा काय उपयोग केला ते आधी कळवावे. हे ऐकून बाईसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकास गेली, आणि त्यांनी एका जाळ्याचे टोक धरून ते फरफटत कोठीकडे ओढीत नेले. मणी जमिनीस घासत गेले आणि मागे अंगणातला सगळा पाचोळा जाळ्यात गोळा जाहला.

सासूबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, “अगं, अंगण लख्ख झालं की. राग आला की रोज एक ओढत जा.”

बाईसाहेबांनी वळून पाहिले, तो जाळ्यामागे जाळरेषेसारखा साफ पट्टा पडला होता.

मग मसलत ठरली आणि फौजेने कूच केले. दोघे वर आणि दोघे खाली धरून, डोंगराच्या कमरेभोवती जाळे ओढीत निघाले, आणि भरले की खडकाळ घळीत रिते करीत, आणि पुन्हा ओढीत. तळहात सोलले, पाठी धरल्या, आणि चालकाने नियोजनसाहेबांच्या सात पिढ्यांचा ऐसा उद्धार केला की धाकट्या रक्षकाने कान झाकावे. सासूबाई चहाची रसद पाठवीत आणि काम वाकडे होत असल्याचे खालून ओरडून कळवीत. शेवटी पट्टा साफ जाहला. चौघांस उभे राहवेना.

मग एके दुपारी पलीकडच्या अंगाने धूर उठला. गनीम माथा ओलांडून कडाकडा आवाज करीत उतरला, आणि बाईसाहेब ओल्या फांद्या घेऊन रेषेवर उभ्या राहिल्या. त्यांस भय वाटले; ते येथे लपवीत नाही. एक ठिणगी उडून रेषेपलीकडे पडली, तीस चालकाने चपलेने ठार केले, आणि त्या झुंजीत चप्पल कामास आली. जाळाने डावीकडे चाचपले, उजवीकडे चाचपले, सगळीकडे नुसती माती, आणि मग तो खाली बसला तो पुन्हा उठला नाही.

काळ्या तोंडाने बाईसाहेब घरी उतरल्या, तो सासूबाई उंबऱ्यावर बसलेल्या आणि मांडीवर भरलेली पिशवी.

“आई, तुम्ही तर हलणार नव्हता ना?”

“मी कुठं हलतेय? यात तुझे कपडे आहेत. म्हटलं, तू तरी नीट निघशील.”

बाईसाहेबांस तेथेच रडू कोसळले, आणि सासूबाईंनी पदराने त्यांचे तोंड पुसले, तो पदर काळा जाहला.

यथावकाश विजयाचा अहवाल गेला आणि हुजूर बहुत संतोष पावले. फर्मान आले की, जाळ्यांचा ऐसा चोख उपयोग सिद्ध जाहला, सबब येथून पुढे मुलखातील यच्चयावत डोंगरांस जाळरेषेकरिता जाळीच द्यावी, आणि मजुरीचा निधी कायमचा बंद करावा. जाळी खरोखर ज्यांनी मागितली होती त्या तळ्याकाठच्या खात्यास झाडू रवाना केले आहेत, ऐसेही त्यात कळविले होते.

येणेप्रमाणे डोंगर राखिला, घर राखिले, म्हातारी राखिली. वणव्यावर फत्ते जाहली. हुजूर अजिंक्य आहेत. इतके नमूद करून लेखणी खाली ठेविली.