दळवी मास्तरांचं ताक

दळवी मास्तर देवळात गेले तरी पुजाऱ्याला विचारायचे, "काय, गिऱ्हाईक वाढतंय का?" पुजारी खवळायचा. मास्तर म्हणायचे, "खवळता कशाला? रांग लागली तर आनंद तुम्हालाच ना?"

हा माणूस माझ्या शेजारी भाड्यानं राहायचा. मूळचा महाडच्या बाजारपेठेतला, लग्न नाही, एकटा जीव. पोलादपूरच्या शाळेत शिकवायचा. मी चौथीत शाळा सोडलेली, त्यामुळं मास्तर लोकांना भ्यायचं कारण मला कधी पडलं नाही. पोरांनी मुंबईला जाऊन कुणाच्या कँटीनमध्ये कपबश्या विसळू नयेत, इथंच धंदा करावा, हे त्यांचं खूळ. शाळा सुटल्यावर धंद्याचा तास घ्यायचे. त्याचा सराव न्हाणीत चाले. "नोकरी मागू नका, गिऱ्हाईक शोधा!" अशी आरोळी उठली की माझी गाय दावं ओढायची.

एका उन्हाळ्यात त्यांनी पोरांना फाट्यावर ताकाचं दुकान मांडायला लावलं. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या तिथं थांबतात. ताक विकत मागायला ते माझ्या बायकोकडं आले.

"ताक कुनी इकतं का, मास्तर? किटली आना न् भरून न्या."

"फुकट नको काकी, पोरांना वाईट सवय लागेल."

"लागू दे की! मलाबी हाय ती."

शनिवारी मी मुद्दाम बघायला गेलो. पोरं सगळी वरच्या वाडीतली, गुरंवाल्यांच्या घरची. गाडीतून उतरलेल्या बाईनं ताक प्यायलं आणि पर्स उघडली. गल्ल्यावरची मंगल लाजून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ओ, ताकाचं काय पैसे घ्यायचं?" वर आणखी एक पेला भरला. किटली संपली, गल्ला कोरा.

"अगं, गिऱ्हाईक होतं ते!" मास्तर कळवळले.

"गिऱ्हाईक कसलं, सर? तहानलेलं मानूस व्हतं."

मी पोट धरून हसलो. मास्तर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच पावसाळ्यात बायको गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. तिच्या ताकाच्या रवीला मी हात लावला नाही. गाय विकायची आणि मुंबईला लेकाकडं जाऊन पडायचं, एवढंच डोक्यात. दलाल यायच्या दिवशी मास्तर दारात.

"काका, गाय विकायची नाही. पोरांचं दुकान चालू आहे. दर शनिवारी किटलीभर ताक लागणार. काकींनी शब्द दिला होता."

"मला कधी बोलली नाय ती."

"मला बोलल्या होत्या."

तिचा शब्द म्हटल्यावर काय करता? शिव्या घालत उठलो. घुसळायचं मला कुठं येत होतं! पहिल्या खेपेला लोणी ताकातच राहिलं. मास्तर बघून म्हणाले, "माल बरा आहे. सुधारणेला वाव आहे." गाय राहिली. मीही राहिलो.

पुढं थंडीत मंगल भेटली. म्हटलं, "दुकान कसं चाललंय गो?"

"कुठलं, बाबा? ते तवाच, उन्हाळ्यात मोडलं."

माझं डोकं फिरलं. तसाच मास्तरांच्या घरात घुसलो. मास्तर गळ्याला मफलर गुंडाळून जमिनीवर बसलेले, पुढ्यात किटली. खोकत होते आणि पीत होते. मला बघून चोरासारखे झाले.

"काका, ते... संपवायला हवं ना."

भांडायला गेलो होतो. खाली बसलो आणि म्हटलं, "मलाबी द्या."

त्यांनी मांडणीकडं पाहिलं. दुसरा पेलाच नव्हता घरात. मग मी उठून माझ्या घरातनं एक आणला. तो अजून त्यांच्याकडंच आहे.