काजूची चढती रेघ

दुकानामागच्या खोलीत रुचितानं लॅपटॉप उघडला की तिचे सासरे तात्यासो चपला बाहेर काढूनच आत येत. आजऱ्याचे काजू कोल्हापुरात विकण्यात त्यांचा जन्म गेला होता. पण विक्रीचे आकडे आत घातले की भाव वाढल्यावर मागणी किती घटेल हे सांगणारं सॉफ्टवेअर त्यांना नवं होतं.

"गिऱ्हाइकाचं तोंड न बघता सांगतंय?"

"हो पप्पा, नुसत्या आकड्यांवरनं."

तात्यासोंनी मनातल्या मनात हात जोडले. गिऱ्हाइकाचं तोंड बघूनही त्यांना हे कधी जमलं नव्हतं.

रुचिताची पीएचडी याच विषयावर होती. त्यासाठी तिचा नवरा वृषभ दुकानातला भाव अधूनमधून थोडा वरखाली करून द्यायचा. एके दिवशी तात्यासोंनी पाहिलं, तर रुचिता कपाळाला हात लावून बसलेली आणि पडद्यावर एक रेघ उतरत गेलेली.

"कशाची रेघ म्हणायची ही?"

"आपल्या काजूच्या मागणीची."

तात्यासोंनी लगेच हिशेब मांडला. दुकान बसणार आणि पोरीची पीएचडीही. खरं म्हणजे लॅपटॉप अडकला म्हणून रुचिता वैतागली होती. रेघ उतरली होती ते योग्यच होतं, कारण भाव वाढला की लोक कमी घेतात. पण तात्यासोंनी पुढं विचारलंच नाही. विचारलं असतं तर मोठेपणा कसला राहिला?

पुढच्या वेळी भाव चढला तेव्हा उचगावचा रिक्षावाला कृष्णात दुकानात आला आणि लग्नाच्या पाहुण्यांसाठी म्हणून पोतंभर काजू रोखीनं घेऊन गेला. पैसे तात्यासोंचे होते. पोतं कृष्णातच्या माळ्यावर गेलं आणि रेघ थोडी वर आली.

असं दोन-चार वेळा झालं आणि रेघ चक्क चढू लागली. रुचितानं डोळे चोळले, आकडे पुन्हा घातले आणि थेट तिच्या मार्गदर्शक मीनाक्षी मॅडमना गाठलं. मॅडमनी चष्मा काढून ठेवला.

"भाव वाढला की मागणी वाढते? अगं, हे पुस्तकात असतं. प्रत्यक्षात सहसा कुणाला सापडत नाही."

वृषभ व्यवहारी माणूस. लोक महाग झाल्यावर जास्त घेतात म्हटल्यावर त्यानं भाव आणखी वाढवला. मग तात्यासोंना आणखी पोती उचलावी लागली. रेघ आणखी चढली आणि वृषभनं पुन्हा भाव वाढवला. नेहमीची गिऱ्हाइकं पाटी वाचून शेजारच्या दुकानात शिरत होती, पण त्यांच्याकडं बघायला घरात सवड कुणाला होती? सगळे रेघ बघण्यात दंग. तात्यासोंनी गुपचूप ठेव मोडली.

"तात्यासो, माळ्यावर जागा न्हाय आता," कृष्णात म्हणाला. "बायकू आमटीत बी काजूच टाकाय लागल्या."

"खा की गुमान. पोरीचं शिक्षान हाय ते."

शेवटी विद्यापीठात रुचिताचं सादरीकरण ठरलं. पुण्याहून उन्मेष सर नावाचे तज्ज्ञ आले. पहिल्या रांगेत कोशा फेटा बांधून तात्यासो बसले. पडद्यावर रेघ चढत गेली तशी सभागृहात कुजबुज उठली. उन्मेष सर पुढं सरकले.

"ही रेघ कुठल्या खरेदीमुळं चढलीय, दाखवता येईल?"

रुचितानं एक बटण दाबलं आणि मोजके ठिपके लाल झाले.

"हे गिऱ्हाईक कोण?"

"लग्नाचे पाहुणे, सर. उचगावचे."

"प्रत्येक वेळी? आणि नेमके भाव वाढल्यावरच?"

रुचिता लाल ठिपक्यांच्या तारखा पुन्हा पाहू लागली. आकडे घरचेच दिसतात, असं मागून कुणीतरी म्हणालं. तिची सगळी मेहनत आता लबाडी ठरणार होती. तेवढ्यात फेटा सावरत तात्यासो उभे राहिले.

"पावणं, त्यो मी. तिला ह्यातलं कायबी ठावं न्हाय. रेघ खाली चाललीती, माझ्यानं बघवंना." मग पडद्याकडं वळून त्यांनी खरोखरच हात जोडले. "नाव कुठं घातलं न्हवतं म्या. तरी हुडकलं की ह्येनं."

रुचिताला रडू आवरेना. तशीच ती वाकली आणि तिनं लाल ठिपके काढून टाकले. रेघ उतरली.

"आता बरोबर," उन्मेष सर म्हणाले.

"पडल्यावर बरोबर?"

"पडायलाच हवी, काका."

तात्यासो मटकन खाली बसले. वृषभ सभागृहाच्या छताकडं बघत राहिला.

मीनाक्षी मॅडम मात्र अजून पडद्याजवळच होत्या. "रुचिता, आता फक्त पप्पांचीच खरेदी घाल बघू."

रेघ उठली ती थेट पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडली. सगळे आ वासून बघत राहिले. असली रेघ उन्मेष सरांनीही कधी पाहिली नव्हती.

"काका, एवढा भाव वाढत होता, तरी घेतच गेलात?"

"पोरीसाठी घेताना भाव कोन बघतंय, पावणं?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे सापडलं की गं, रुचिता," त्या म्हणाल्या.