‘गगनभेदी’चा सहावा भाग

‘गगनभेदी’ ही दहा भागांची मालिका दर रविवारी सकाळी अकरा वाजता दाखवली जात असे. तिच्यात निळी केप पांघरलेला एक तरुण दर आठवड्याला उडत येऊन शहर वाचवी, आणि शहर पुढच्या रविवारपर्यंत पुन्हा धोक्यात येऊन तयार राही. पाच भाग सुरळीत पार पडले. सहाव्या रविवारी सहाव्या भागाच्या जागी पाचवाच भाग पुन्हा दाखवला गेला.

चूक प्रसारण कक्षातल्या तंत्रज्ञाची होती. अठरा वर्षं बटण दाबायचंच काम केल्यामुळे सगळे त्याला ‘खटका’ म्हणत. त्या दिवशी त्याच्यासमोर दोन फायली होत्या. एकीचं नाव ‘अंतिम’ आणि दुसरीचं ‘खरोखर अंतिम’. त्याने ‘खरोखर’वर विश्वास ठेवला. चार मिनिटांत घोटाळा त्याच्या लक्षात आला. पण चालू प्रसारण थांबवायला विभागप्रमुख बाईंची लेखी परवानगी लागते, आणि बाई ‘गगनभेदी’ चालू असताना फोन घेत नसत.

खटका हादरून गेला. नोकरीची भीती होतीच. पण सहावा भाग त्याने शुक्रवारी तपासताना पाहिला होता. त्यात नायकाची शक्ती अचानक जाते. अकराव्या मजल्यावर एक म्हातारी अडकलेली असते आणि तो जिना चढत तिच्यापर्यंत जातो. उडत नाही, भिंत फोडत नाही. धापा टाकत वर पोचतो आणि तिच्याशेजारी पायरीवर बसतो. एवढंच. ते बघताना खटक्याचा चहा गार झाला होता, आणि त्याने तो तसाच पिऊनही टाकला होता.

आता तक्रारींचा पाऊस पडणार, असं धरून तो बसला. एकूण सहा फोन आले. एकाला केप कुठे मिळते ते हवं होतं. एकीला खलनायकाच्या भावाचं लग्न झालंय का, हे विचारायचं होतं. उरलेले चारही फोन एकाच बाईंचे होते. हा मागचाच भाग आहे, असं त्या सांगत होत्या. स्वागतकक्षाने त्यांना टीव्ही बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं.

घरी गेल्यावर त्याची ताई म्हणाली, “आजचा भाग झकास होता रे. मागचा काही डोक्यातच शिरला नव्हता.”

सोमवारी वर्तमानपत्रांत मालिकेचं मध्यावधी मूल्यमापन छापून आलं. ‘सहाव्या भागात कथेने खऱ्या अर्थाने वेग घेतला,’ असं एका समीक्षकाने लिहिलं. दुसऱ्याने म्हटलं, ‘पाचव्या भागातली घाई इथे कटाक्षाने टाळली आहे.’ तिसरा कडक होता. त्याच्या मते पाचव्या भागाची उंची सहाव्याला गाठता आली नव्हती.

मंगळवारी वाहिनीची स्वतःची मूल्यमापन समिती बसली. संचालक, विभागप्रमुख बाई, आकडेवाले गृहस्थ आणि मालिकेची लेखिका. खटका माफीनामा घेऊन आत गेला.

“साहेब, चूक माझी आहे. द्यायची ती शिक्षा द्या, पण येत्या रविवारी सहावा भाग दाखवू या.”

“चूक कुणाच्या लक्षात आली?” संचालकांनी विचारलं.

“माझ्या.”

“तुम्ही सोडून?”

“माझ्या,” लेखिका म्हणाली. “मी चार वेळा फोन केला.”

बाईंनी नोंदवही उघडली. “तुमचा टीव्ही बिघडल्याची नोंद आहे.”

“माझा टीव्ही ठणठणीत आहे.”

“मग तक्रार निकाली निघाली म्हणायची,” असं म्हणून बाईंनी तशी नोंद केली.

आकडेवाल्यांनी अहवाल वाचला. प्रेक्षक अकरा टक्क्यांनी वाढले होते. मागच्या वेळी मध्येच ज्यांचा डोळा लागला होता, त्यांना या वेळी तो भाग शेवटपर्यंत बघता आला होता.

संचालक खुर्चीत मागे रेलले. “लोकांना तेच ते आवडतं, असा आपला आजवर नुसता अंदाज होता. यांनी पुरावा दिला. माफीनामा परत घ्या हो! अशी माणसं आहेत म्हणून वाहिनी चालते.”

“पण माझा भाग?” लेखिकेने विचारलं. “वर्षभर मी त्या जिन्यावर काढलंय.”

“उत्तमच आहे तो,” संचालक आपुलकीने म्हणाले. “म्हणून तर धोका पत्करायचा नाही.”

सातव्या रविवारी पाचवा भागच दाखवला. फक्त केप लाल केली. ‘धाडसी रंगबदल,’ असं समीक्षकांनी लिहिलं. आठव्या रविवारी केप पुन्हा निळी झाली, तेव्हा त्यांना नायकाच्या मनातलं द्वंद्व दिसलं. नवव्या रविवारपर्यंत पुढच्या वर्षीच्या दहा भागांनाही मंजुरी मिळाली. चित्रीकरणाची आवश्यकता नसल्यामुळे लेखिकेला पत्र गेलं : ‘आपल्या मोलाच्या योगदानाबद्दल आभार. सबब, आपली सेवा तूर्त थांबविण्यात येत आहे.’ खटक्याला मात्र उत्कृष्ट कर्मचाऱ्याचं प्रमाणपत्र मिळालं. ताईने ते भिंतीवर लावायला काढलं, तेव्हा त्याने ते कपाटात साड्यांखाली सरकवून दिलं.

“अरे, लाजतोस काय एवढा?”

“लाजत नाही ताई. लाज वाटतेय.”

दहाव्या रविवारी शेवटचा भाग होता, म्हणजे पाचवाच, खाली ‘समाप्त’ लिहिलेला. अकराला दोन मिनिटं असताना खटक्याने प्रसारण कक्षाची कडी आतून लावली. त्याने फाइल बदलली आणि बटण दाबलं. पाऊण तास तो जिना, ते धापा टाकणं, ती म्हातारी शहरभर दिसत राहिली. खटका हाताची घडी घालून बघत होता. अठरा वर्षांत त्याने पहिल्यांदाच काहीतरी दाखवलं होतं.

मग फोन खणखणायला लागले. स्वागतकक्षातल्या दोघी कमी पडल्या, तेव्हा लेखा विभागातून माणसं आणून बसवावी लागली. संध्याकाळपर्यंत चार हजार तक्रारी नोंदल्या गेल्या, आणि सगळ्या एकच : शेवटच्या दिवशी जुना भाग दाखवून प्रेक्षकांची फसवणूक केली.

खटक्याची चौकशी दुसऱ्याच दिवशी झाली.

“साहेब, तो भाग याआधी कधीच दाखवलेला नाही. प्रसारणाची नोंद बघा.”

“मग चार हजार लोक खोटं बोलतात?”

“खोटं नाही बोलत. पण त्यांना—”

“प्रेक्षकांचा अपमान,” बाईंनी आणखी एक आरोप लिहून घेतला.

घरी ताईसुद्धा वैतागली होती. “आम्हाला काय कळत नाही? हा भाग कधीच होऊन गेलाय. शेवटी ती म्हातारी रडते, तोच ना?”

“ती रडत नाही, ताई.”

“मागच्या वेळी रडली होती,” ताई ठामपणे म्हणाली.

खटक्याला कामावरून काढून टाकलं. तो कक्षातला डबा आणि चष्मा पिशवीत भरत होता, तेव्हा लेखिका दारात येऊन उभी राहिली.

“जिन्यावरच्या पावलांचा आवाज तुम्ही वाढवला होता का?” तिने विचारलं.

“थोडासा. तो दमलाय हे कळावं म्हणून.”

“कळलं,” ती म्हणाली आणि डोळे पुसत लिफ्टकडे गेली.

तक्रारींची ती जाड नोंदवही वाहिनीने जपून ठेवली आहे. नाव, वेळ, तक्रारीचा मजकूर, सगळं व्यवस्थित आहे. वाचकांनी येऊन आपलं नाव शोधायला हरकत नाही. आपण असल्या मालिका बघतच नाही, असं आपलं म्हणणं असेल, तर पान एकशे बारापासून बघावं. तशी सुरुवात करून तक्रार करणाऱ्यांचा विभाग वेगळा आहे, आणि तोच सगळ्यात मोठा आहे.