काचेचं माहेर

मोमिनाबादेत मुद्दाम खराब माल मागणारं गिऱ्हाईक एकच होतं, कासिम दफेदार. माझं बांगड्यांचं आणि कंदिलाच्या काचांचं दुकान, आणि दफेदारांचं घर त्याला लागूनच. सकाळी ते पायरीवर येऊन बसायचे, हाताला लागेल ती काच उन्हात धरायचे आणि विचारायचे, "आप्पा, हिचं माहेर कुठलं?"

मी सांगायचो, फिरोजाबाद. ते मान हलवायचे. वाळूत लोखंड आहे म्हणायचे, म्हणून हिरवट मारते. एखाद्या काचेत बुडबुडा सापडला की मात्र त्यांचा चेहरा खुलायचा, आणि तीच काच ते विकत न्यायचे. त्यांच्या कंदिलाचा उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलायचा. घरात आरसा नव्हता. दाढी हातानं चाचपत करायचे, त्यामुळे एक कल्ला कायम दुसऱ्यापेक्षा वर.

एका लग्नात मांडवात काचेची मोठी हंडी टांगली होती. दफेदार जेवता जेवता उठले आणि पत्रावळ घेऊन उन्हात जाऊन बसले. ही भट्टीतून घाईनं काढलेली आहे, अंगात ताण राहिलाय, कधीही फुटेल, असं त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं. बघता बघता सगळी पंगत उन्हात आली. नवरदेवाचा बाप एकटाच सावलीत जेवला. हंडी काही फुटली नाही, वऱ्हाडाची डोकी तेवढी तापली.

ही विद्या त्यांना मोठ्या लढाईत मिळाली. इथल्या घोडदळाच्या रिसाल्यातून ते समुद्रापार गेले होते, आणि नेम चांगला म्हणून तिथं त्यांच्या हाती दुर्बीण लावलेली रायफल आली होती. पलटणीतला बंदुका दुरुस्त करणारा मिस्त्री त्यांना सांगायचा की नळी कितीही अस्सल असो, काच हलकी तर नेमही हलका. वाळू निवडून आणावी लागते. वितळलेला रस ढवळत राहावा लागतो, नाहीतर काचेत रेघा उरतात. मग ती आठवडेच्या आठवडे हळूहळू निववावी लागते. चांगली काच यायची जर्मनांकडून, आणि लढाई जुंपली ती त्यांच्याशीच. इथवर सांगून दफेदार हसायचे. पुढचं कधी सांगितलं नाही.

एका वर्षी घाटनांदूरच्या डोंगरात बिबट्या आला. शेरडं जायला लागली. जहागीरदारांनी नवी रायफल घेतली होती, वर जर्मन दुर्बीण. त्यांनी दफेदारांना बोलावलं. कंदिलाच्या चिमण्या पोचवायला म्हणून मीही वाड्यावर होतो. दफेदारांनी दुर्बिणीला डोळा लावून पल्याडच्या लिंबाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग रायफल खाली ठेवली.

"सरकार, हलकी काच हाय," ते म्हणाले. "बाटलीची. नेम चुकंल."

जहागीरदारांनी ती रायफल कपाटात टाकली आणि जुनी बंदूक घेऊन स्वतः गेले. बिबट्या काही सापडला नाही. पुढं एक दिवस पाणवठ्यावर गेलेली सरूबाई धनगरीण परत आली नाही.

बातमी आली तेव्हा दफेदार माझ्या पायरीवर होते. हातातली काच ठेवून ते तडक वाड्यावर गेले. आपण खोटं बोललो, काच अव्वल आहे, रायफल द्या, असं त्यांनी भरल्या कचेरीत सांगितलं म्हणे. जहागीरदार नको नको ते बोलले. दफेदारांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि रायफल घेऊन डोंगर गाठला.

दुसऱ्याच दिवशी उन्हं उतरायच्या आत बिबट्या पडला. एकाच गोळीत. हलगी वाजली, हार पडले. तो हार गळ्यात तसाच ठेवून दफेदार दुकानात आले. खोटं कावून बोललात, असं मी विचारलं.

"तिकडं असलीच एक दुर्बीण हाती आली व्हती, आप्पा. दुश्मनाकडून हिसकलेली. डोळा लावला तर समोर एक पोरगं, दातात चिंधी धरून पायाची जखम बांधत व्हतं. हलक्या काचंतनं निस्ता ठिपका दिसला असता. मला त्याच्या पापण्या दिसल्या."

"मारलंत?"

"हुकूम व्हता."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

"आन् आज?" मी विचारलं.

"मादी व्हती. दुधानं सड भरलेले दिसले. बोट बंदुकीच्या घोड्यावर व्हतं, तवा दिसलं." गळ्यातला हार उतरवत म्हणाले, "सरूबाईची बी लेकरं हायतच की."

दुसऱ्या दिवसापासून दफेदार पायरीवर बसेनात. शेळीच्या दुधाची चरवी घेऊन सकाळीच डोंगराकडं निघायचे. गुराखी सांगायचे, म्हातारा कपारीकपारीत वाकून बघतो, तोंडानं कसलेसे आवाज काढतो. बाजारात लोक हसायला लागले. उन्हं कलली की ते परत यायचे, धोतराला कुसळं, चरवी रिकामी.

एकदा मी विचारलं, पिल्लं सापडली का.

"न्हाई," ते म्हणाले. "दूध ठिवून येतो. सकाळी गेलं की कपारीत कायबी उरलेलं नसतं. कोण पितं, ठाव न्हाई."