क्वालालंपूरची थंडी

"तिकडची हवा मानवली नाही, तर त्याच दिवशी परत निघायचं," या अटीवर ज्योत्स्नाबाईंनी सत्त्याण्णव साली मयूरला क्वालालंपूरला सोडलं. दम्यानं लहानपणापासून बेजार झालेला एकुलता एक मुलगा. अट वाजवीच होती. पण महिनाभरात शेजारच्या देशातली जंगलं पेटली आणि त्यांचा धूर मयूरच्या शहरावर येऊन बसला. सूर्य दिसेना. नेमका त्याच रविवारी फोनवर प्रश्न आला, "हवा कशी आहे रे?"

"अगदी नाशिकसारखी!" दोन वर्षं खेटे घालून मिळालेली नोकरी सुटू नये म्हणून मयूर बोलून गेला.

दिवाळी जवळ आली तशी आई म्हणाली, "म्हणजे तिकडंही थंडी सुरू झाली असेल."

"झाली की," मयूर मानेवरचा घाम पुसत म्हणाला.

झालं! आठ दिवसांत बंद गळ्याचा लोकरीचा स्वेटर विणून झाला. मयूरच्या कंपनीतला एक जण सुट्टी संपवून परत चालला होता, त्याच्याबरोबर स्वेटर, कानटोपी आणि डिंकाचे लाडू रवाना झाले. वर हुकूम, "घालून फोटो पाठव."

फोटो आला. मयूरच्या वडिलांनी, निवृत्तीरावांनी, तो आधी आपल्या कचेरीत, नोटांच्या प्रेसमध्ये फिरवला, मग नाशिक रोडच्या अख्ख्या कॉलनीत. कानटोपीसकट उभा मयूर आणि मागं अर्ध्या गडप झालेल्या इमारती.

"काय धुकं हो! आपल्या गोदेवर पडतं तस्संच," शेजारच्या मोहिनीवहिनी म्हणाल्या.

"आणि गाल बघा, गारठ्यानं लालेलाल!" निवृत्तीरावांना भरून आलं.

ज्योत्स्नाबाईंनी फोटो खिडकीपाशी नेला. धुकं पिवळट होतं. स्वेटर काखेत भिजला होता. आणि दम लागला की मयूर लहानपणी खांदे उचलून धरायचा, तसेच ते आताही वर होते.

रविवारी त्या सकाळपासून फोनपाशी बसल्या. 'अट मोडलीस, परत ये,' एवढंच म्हणायचं होतं. मुलगा आठवड्यात घरी आला असता. त्याच्या आठवणीनं त्यांना जेवण जात नव्हतं.

घंटा वाजली. "आई, नवं काम सगळं माझ्यावर सोपवलंय!" मयूर आनंदानं ओरडला आणि खोकत सुटला. "हे... धुक्यानं होतं जरा."

इतका खूश तो कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"बाधतं धुकं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "बाहेर पडताना नाकावर ओला रुमाल बांध. खिडक्यांच्या फटींत फडकी कोंब. दम्याचा पंप खिशात ठेव."

"धुक्याला ओला रुमाल, आई?"

"तिकडच्या धुक्याला."

तेवढ्यात निवृत्तीरावांनी रिसीव्हर ओढून घेतला. "अरे, पुढं कडाका वाढेल! हिला दुसरा स्वेटर विणायला सांगतो."

"विणते की," ज्योत्स्नाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण या खेपेला बिनबाह्यांचा."