नारिंगी झेंडा

संकटाने यायचं तर खुशाल यावं, आमची तयारी आहे, असं सज्जराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. बरेचदा समोरच्याने विचारलेलंही नसे. एका मदतसंस्थेच्या शाखेत ते 'पूर्वतयारी अधिकारी' होते. पूर येण्याआधी तंबू मोजायचे, वादळ सुटण्याआधी दोर तपासायचे आणि काहीच झालं नाही तर जरा हिरमुसायचं, असं त्यांचं काम. 'सज्जराव' हे नाव ऑफिसातल्या मंडळींनी पाठीमागे ठेवलं होतं. त्यांना ते कळलं तेव्हा ते खूश झाले आणि पुढे फोनवर स्वतःच ते नाव सांगू लागले.

शाखाप्रमुखाची खुर्ची बरेच दिवस रिकामी होती. तिच्यावर सज्जरावांचा डोळा होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नव्हता. आता ठरलं होतं असं की मुख्य कार्यालयातून परीक्षकबाई येणार, सज्जरावांनी आखलेली पुराची तालीम पाहणार आणि पसंत पडली तर खुर्ची त्यांना देणार. तालीम म्हणजे खोटा पूर, खोटे पूरग्रस्त, पण तंबू, पाणी आणि औषधं खरी. सज्जराव कामाला लागले. नियमांचा मसुदा त्यांनी असा घोटून घोटून लिहिला की त्यातून मुंगीसुद्धा निसटू नये. प्रत्येक पूरग्रस्ताचं म्हणणं मधे न बोलता ऐकायचं. कोणी तक्रार केली तर ती सुटेपर्यंत सोडायची नाही. आणि संस्थेच्याच माणसाविरुद्ध तक्रार आली तर ताबडतोब नारिंगी झेंडा वर करायचा, त्या माणसाला तक्रारदारापासून लांब ठेवायचं आणि प्रकरण शाखाप्रमुखांकडे द्यायचं. हा झेंडा आजवर कोणी फडकवला नव्हता. तरी सज्जरावांनी त्याला इस्त्री करून ठेवली होती.

पूरग्रस्त म्हणून कॉलेजची मुलं येणार होती. ऐनवेळी त्यांची परीक्षा निघाली आणि मुलांनी खऱ्या संकटाला प्राधान्य दिलं. सज्जरावांनी मग आपल्याच इमारतीतल्या लोकांना गोळा केलं. तळमजल्यावरचा शिंपी आला, वरच्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या, आणखी बरेच आले. घरात सासूबाई होत्या, त्याही आल्या. त्या काही महिन्यांपासून लेकीकडे राहायला होत्या. सज्जरावांनी त्यांना भूमिका दिली ती धक्का बसलेल्या, अजिबात न बोलणाऱ्या आजीची. ही निवड त्यांनी फार विचारपूर्वक केली होती.

"मग मी तिथे येऊन करू काय?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. नुसतं शून्यात बघत बसायचं."

"ते तर मी घरीही करते," त्या म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

शाळेच्या मैदानावर तालीम सुरू झाली, ती अगदी दृष्ट लागण्यासारखी. तंबू ताठ उभे राहिले. पाण्याच्या टाकीला नळ बसले. परीक्षकबाई गळ्यात शिट्टी अडकवून शांतपणे हिंडत होत्या. तालीम संपली हे फक्त त्यांच्या शिट्टीनेच ठरणार, हाही सज्जरावांचाच नियम. शिंप्याने मोडलेला पाय इतका मन लावून केला की दोघांनी त्याला उचलताना खरंच पाडलं. सज्जराव एका हातात भोंगा आणि दुसऱ्या हातात भोंग्याची जादा बॅटरी घेऊन सगळीकडे होते.

इकडे सासूबाई शून्यात बघत होत्या. नोंदणीवाला आला आणि घरात माणसं किती ते विचारून गेला. मग आरोग्यवाली आली. तिनेही माणसं किती ते विचारलं. पाणीवाल्यालाही तेच हवं होतं. सासूबाईंनी तिघांनाही मान हलवून वाटेला लावलं. मग समुपदेशक म्हणून नव्यानेच लागलेली एक मुलगी आली. तिला शिकवलेलं होतं की समोरच्याच्या पातळीवर बसायचं, हातात वही घ्यायची नाही, घाई करायची नाही, मधे तोंड घालायचं नाही. ती मांडी घालून समोर बसली आणि सासूबाईंकडे बघत राहिली. सासूबाईंकडे असं कोणी सवडीने बघितल्याला किती काळ लोटला होता कोण जाणे.

"आजी, तुमचं घर गेलं का?" मुलीने हळूच विचारलं.

"घर आहे," सासूबाई म्हणाल्या. "जागा गेली."

"पाणी शिरलं का हो?"

"पाणी नाही, पाण्याचे कॅन शिरले. माझ्या खोलीत. आधी कॅन आले, मग ताडपत्र्या आल्या, मग दोरांची वेटोळी. आता दारातून पलंगापर्यंत जायचं तर आडवं होऊन जावं लागतं. उशाशी स्ट्रेचर उभं केलंय. रोज सकाळी डोळे उघडले की वाटतं, आपल्याला न्यायलाच आलेत."

मुलीचा चेहरा उतरला. "हे सगळं तुमच्या खोलीत कोणी आणून टाकलं?"

"तुमच्याच संस्थेच्या माणसाने," सासूबाईंनी सांगितलं, आणि यात एक अक्षरही खोटं नव्हतं. संस्थेचं गोदाम गळत होतं, म्हणून सज्जरावांनी चांगला माल घरी हलवला होता. घरात रिकामी भिंत तेवढ्या एकाच खोलीत होती.

मदत करणाऱ्यानेच म्हातारीची जागा बळकावली! मुलगी तडक उठली आणि तिने नारिंगी झेंडा वर केला.

मैदानाच्या पलीकडून सज्जरावांनी तो पाहिला आणि त्यांना भरून आलं. ही परीक्षकबाईंनीच गुपचूप लावलेली कसोटी, याबद्दल त्यांना शंका उरली नाही. त्यांनी दोन दांडगे स्वयंसेवक बोलावले, तंबूभोवती दोर बांधायला लावला आणि बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं, "तो माणूस कोणीही असो, दोराच्या आत सोडायचा नाही. मोठेपणा सांगेल, गयावया करेल, नातं काढेल. अजिबात ऐकायचं नाही. कळलं?"

दोघांनी माना डोलावल्या आणि आत जाऊन त्या माणसाचं नाव विचारून आले. आले ते थेट सज्जरावांसमोर येऊन उभे राहिले.

"साहेब, तुम्ही जरा दोराच्या मागे व्हा."

"अरे, मी सज्जराव!"

"तुम्ही म्हणालाच होता, मोठेपणा सांगेल म्हणून."

सज्जरावांनी आवाज खाली आणला. त्या माझ्या सासूबाई आहेत, दोन मिनिटं बोलू द्या, असं विनवून पाहिलं. त्यावर दुसरा पहिल्याला म्हणाला की गयावया झाली, नातंही निघालं, सगळं साहेबांनी सांगितलेल्या क्रमाने चाललंय. दोघांनी त्यांना अदबीने दंडाला धरून मागे नेलं.

झेंडा बघून बाकीच्या पूरग्रस्तांच्या आशा पालवल्या. शिंपी मोडक्या पायाने धावत आला. सज्जरावांनी पुराच्या भीतीने जिन्याशी वाळूची पोती रचली होती, त्यामुळे गिऱ्हाइकांची मापं त्याला फाटकात उभं राहून घ्यावी लागत होती आणि कमरेचं माप द्यायला बायका लाजत होत्या. गाणाऱ्या बाईंचं दुःख त्याहून खोल. दर रविवारी सज्जराव गच्चीवर भोंगा वाजवून बघत आणि बाईंच्या सगळ्या विद्यार्थिनी आता भोंग्याच्या पट्टीत गात होत्या. समुपदेशक मुलगी मधे न बोलता ऐकत राहिली. तंबूबाहेर रांग लागली. परीक्षकबाईही रांगेच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना.

खुर्ची हातची जाते, हे सज्जरावांना आता स्वच्छ दिसत होतं. त्यांनी भोंगा तोंडाला लावून तालीम संपल्याचं जाहीर केलं. कोणी हललं नाही, कारण शिट्टी वाजली नव्हती. मग त्यांनी बायकोला फोन लावला आणि असशील तशी ये, आईंना घरी ने, एवढंच सांगितलं. ती हातातलं काम टाकून आली. दोरापाशी स्वयंसेवकांनी कोण हवंय ते विचारलं. आत माझी आई आहे, म्हणाली. ताटातूट झालेल्या कुटुंबांची गाठ घालून देणारं पथक सकाळपासून बिनकामाचं बसलं होतं. त्यांनी तिला हाताला धरून आत नेलं, मायलेकींची भेट घडवली आणि टाळ्या वाजवल्या. शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

बऱ्याच वेळाने बायको एकटीच बाहेर आली. "अहो," ती म्हणाली, "आईचं खरं आहे." आणि पुन्हा आत गेली.

शेवटी एकदाची शिट्टी वाजली. परीक्षकबाईंनी सज्जरावांना बाजूला घेतलं. सज्जराव राजीनाम्याची भाषा मनात जुळवत होते. पण बाई म्हणाल्या, "तालमीत तक्रारी येतात त्या नेहमी चहा पातळ असल्याच्या. आज प्रथमच खरी तक्रार आली आणि तुमची व्यवस्था तुमच्यावरच तुटून पडली. अशी व्यवस्था मी कुठे पाहिली नाही. खुर्ची तुमची." सज्जराव हसायला लागणार तोच बाईंनी पुढचं वाक्य टाकलं. नेमणूक तूर्त कच्ची. तक्रारदाराचं समाधान झालं की पक्की. आणि नियमाप्रमाणे प्रकरणाचा निवाडा शाखाप्रमुखांनी करायचा आहे.

असे सज्जराव शाखाप्रमुख झाले आणि पहिल्याच दिवशी, स्वतःच्या नव्या केबिनमध्ये, त्यांनी स्वतःविरुद्धची तक्रार सुनावणीला घेतली. सासूबाई समोर बसल्या. समुपदेशक मुलगी नियम पाळले जातात का ते बघायला कडेला बसली. सज्जरावांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा तिने बोट वर केलं. सासूबाईंनी थेट लग्नापासून सुरुवात केली आणि हळूहळू कॅनपर्यंत आल्या.

"जगात कुठेही कोणाचं छप्पर उडालं की तुमचा जीव खाली-वर होतो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "चांगलंच आहे ते. पण मी भिंतीच्या पलीकडे होते. कधी डोकावलात का?"

सज्जरावांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे निवाडा दिला की संबंधित अधिकाऱ्याने वृद्धेची खोली आजच्या आज, स्वतःच्या हाताने आणि कोणाचीही मदत न घेता रिकामी करावी. तेवढं झालं तर माझं समाधान, असं सासूबाईंनी मुलीला सांगितलं आणि नेमणूक पक्की झाली.

गोदाम अजून गळतच होतं. तेव्हा माल जायचा कुठे, तर सज्जरावांच्या स्वतःच्या खोलीत. कॅन, ताडपत्र्या, दोर आणि स्ट्रेचर वाहून त्यांची कंबर धरली. बायकोने एकदा दारातून आत पाहिलं, आपली उशी उचलली आणि आईच्या ऐसपैस, हवेशीर खोलीत राहायला गेली.

सज्जराव आडवे होऊन आत शिरले आणि गुडघे पोटाशी घेऊन कॅनच्या मधल्या फटीत पडले. भिंतीपलीकडून मायलेकींच्या हसण्याचा आवाज येत होता. हा आपल्यावर सरळसरळ अन्याय आहे, असं त्यांना वाटायला लागलं. रीतसर तक्रार करावी, असंही क्षणभर मनात आलं. पण ती तक्रार जाणार शाखाप्रमुखांकडे, आणि तो माणूस घरच्यांचं किती ऐकून घेतो, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.